मदत हवी आहे: लेड झिर्कोनेटच्या लँडाऊ प्रारूपात युग्मनाचे सहगुणक कसे ठरवावेत?

लेड झिर्कोनेट हे शिसे, झिर्कोनियम आणि ऑक्सिजन यांचे पेरोव्हस्काइट रचनेचे स्फटिक सुमारे ५०५ केल्विन तापमानाला घनीय अवस्थेतून ऑर्थोऱ्हॉम्बिक प्रतिफेरोइलेक्ट्रिक अवस्थेत (जिथे शेजारचे विद्युत द्विध्रुव उलट दिशांना असल्याने एकूण ध्रुवीकरण शून्य होते) जाते, आणि या संक्रमणाचे लँडाऊ पद्धतीचे, म्हणजे मुक्त ऊर्जा विकृतींच्या घातांच्या पदांत मांडणारे, प्रारूप मी बांधत आहे. किटेल यांचे १९५१ मधील दोन उपजालकांचे प्रारूप दुहेरी हिस्टेरिसिस वलय (विद्युतक्षेत्र बदलताना ध्रुवीकरणाच्या आलेखात दिसणारी दोन वलये) समजावते, परंतु त्यात ऑक्सिजन अष्टफलकांच्या कलण्याला स्थानच नाही. माझ्या मते या पदार्थाचे मर्म तिथेच आहे.

म्हणून मी शिशाच्या अणूंचे (१/४, १/४, ०) या तरंगसदिशाचे (म्हणजे स्फटिकात विकृती कोणत्या दिशेने व किती अंतराने पुन्हा येते हे सांगणाऱ्या सदिशाचे) विस्थापन आणि (१/२, १/२, १/२) या तरंगसदिशाचे अष्टफलकांचे कलणे, अशी दोन क्रमप्राचले (घनीय अवस्थेत शून्य असणाऱ्या आणि संक्रमणानंतर प्रकटणाऱ्या राशी) घेतली आहेत. त्यांच्या वर्गांच्या गुणाकाराच्या पदाचा सहगुणक पुरेसा ऋण धरला, की दोन्ही विकृती एकाच वेळी, उडी घेऊन प्रकट होतात, आणि हे प्रयोगाशी जुळते. मात्र एकसमान ध्रुवीकरणाशी असलेले प्रतिकर्षी युग्मन थोडे कमी केले, तरी फेरोइलेक्ट्रिक अवस्था वरचढ ठरते, कारण दोन्ही अवस्थांच्या ऊर्जा फार जवळ आहेत.

हे सहगुणक घनता-फलन सिद्धांताच्या (इलेक्ट्रॉन घनतेवरून ऊर्जा काढणाऱ्या क्वांटम पद्धतीच्या) गणनेतून घ्यावेत, की परावैद्युत मापनांशी जुळवून ठरवावेत? ऊर्जाफरक इतका लहान असताना त्या गणनेत निवडलेल्या फलनावर (इलेक्ट्रॉनांच्या परस्परक्रियेच्या अंदाजी सूत्रावर) उत्तर अवलंबून राहते, ही माझी मुख्य अडचण आहे. शिवाय (१/४, १/४, १/२) या तरंगसदिशाची तिसरी विकृती त्रिरेषीय पदातून (तिन्ही विकृतींच्या गुणाकाराच्या पदातून) वरील दोन्ही विकृतींशी जोडली जाते. तिला स्वतंत्र क्रमप्राचल मानावे, की ऊर्जा किमान करून आधीच वगळावे? ज्यांनी असे प्रारूप प्रत्यक्ष वापरले आहे, त्यांनी कृपया सविस्तर मार्गदर्शन करावे.