घरचे जुने भात जनुक पेढीत (बियाणे दीर्घकाळ जतन करणाऱ्या संस्थेत) द्यायचे आहे. लोंब्या कशा निवडाव्यात?

खाडीकाठ (राजापूर):
खाडीलगतच्या आमच्या नऊ गुंठ्यांच्या खाचरात आजीच्या काळापासून लाल तांदळाचे एक भात पेरले जाते. बांध फुटून भरतीचे पाणी आत आले तरी ते तग धरते. वाडीत हे बियाणे आता आमच्याखेरीज कोणाकडेही उरलेले नाही, म्हणून ते जनुक पेढीत द्यावे असे वाटते. त्यासाठी भरलेल्या, एकसारख्या लोंब्याच निवडणार आहे. हे योग्य ठरेल का? आणि एकदा बियाणे तेथे पोहोचल्यावर दरवर्षी पेरण्याची आवश्यकता राहते का?

दापोलीकर:
निवडक लोंब्या देऊ नका, ही कळकळीची विनंती. पुढच्या पेरणीसाठी अशी निवड योग्यच आहे, परंतु पेढीला त्या भाताची विविधता हवी असते. जुन्या वाणात कुसळाची आणि बिनकुसळाची, लवकर निसवणारी, बुटकी अशी रोपे मिसळलेली असतात आणि त्यांपैकी कोणते उद्या उपयोगी पडेल, हे आज डोळ्यांना दिसत नाही. तपकिरी तुडतुड्यांमार्फत पसरून भात गवतासारखे खुरटे करणाऱ्या विषाणूवर उपाय शोधताना फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने सहा हजारांहून अधिक नमुने तपासले, तेव्हा उत्तर प्रदेशातून आलेल्या रानटी भाताच्या एकाच नमुन्यात प्रतिकारशक्ती आढळली, आणि त्यातलीही सगळी रोपे प्रतिकारक नव्हती. म्हणून खाचरभर फिरून निदान पन्नास चुडांतून (रोपांच्या पुंजक्यांतून) एकेक लोंबी घ्या. खारवट कोपरा वगळू नका. गावाचे नाव, भाताचे स्थानिक नाव आणि जमिनीचा प्रकार पाकिटावर अवश्य लिहा.

मुडीवाला:
पेरणी थांबवू नये, हे मी अनुभवाने सांगतो. बांध फुटल्यामुळे आम्ही दोन वर्षे लावणी केली नाही. तिसऱ्या वर्षी मुडी (बियाणे साठवायची पेंढ्याची बांधणी) सोडून बी टाकले, तर निम्मेही रुजले नाही. आपल्या दमट हवेत भाताचे बी फार काळ टिकत नाही. नवी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोत ते वाळवून उणे १८ अंशांना ठेवतात, त्यामुळे दीर्घकाळ जगते. मात्र त्या थंडीत वाण जसाचा तसा राहतो. तुमच्या खाचरात खारे पाणी दरवर्षी त्याची नव्याने पारख करीत असते, आणि ते काम पेढीत होत नाही.

खाडीकाठ:
दोघांचाही आभारी आहे. बांधालगतच्या काळसर कुसळांच्या लोंब्या भेसळ समजून मी दरवर्षी काढून टाकत आलो. कापणीला दहा दिवस आहेत; यंदा त्याही घेईन.