रिसायकल्ड कापडाचे व्यायामाचे कपडे घेताना नेमके काय तपासावे?

फर्मागुडीची चढण (फोंडा)

नमस्कार. सकाळी फर्मागुडीच्या चढणीवर धावणे आणि संध्याकाळी योगवर्ग असा माझा दिनक्रम आहे. जुन्या लेगिंग्जचे कंबरपट्टे सैल पडले आहेत. नव्या घ्यायच्याच आहेत, तर रिसायकल्ड पॉलिएस्टरच्या किंवा नायलॉनच्या घ्याव्यात असे मनात आहे. मात्र पणजीतली दुकाने आणि ऑनलाइन संकेतस्थळे पाहिल्यावर गोंधळच वाढला. एका टॅगवर नुसते हिरवे पान छापलेले, दुसऱ्यावर ‘सागरी प्लॅस्टिकपासून’ असा मजकूर, तिसऱ्यावर कसल्यातरी प्रमाणपत्राचे चिन्ह, आणि किमती सातशेपासून चार हजारांपर्यंत. विक्रेत्याला विचारले तर ‘बाटल्यांपासून बनतं, मॅडम, एकदम चांगलं’ यापलीकडे उत्तर मिळत नाही.

हा दावा खरा की खोटा हे कसे ओळखावे? असे कापड नव्या पॉलिएस्टरपेक्षा लवकर विरते का? आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर कपडे धड वाळत नाहीत, कुबट वास धरतात, त्या दिवसांत कोणते कापड बरे पडेल? ट्रायल रूममध्ये पाच मिनिटांत तपासता येण्यासारखे काही असेल तर अवश्य सांगावे.

निटिंगवाला (म्हापसा)

ताई, आपल्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो सुटला की टॅगकडे शांतपणे पाहता येते. तिरुपूरच्या एका निर्यात कारखान्यात मी बरीच वर्षे कापड-तपासणीचे काम केले. तिथे परत आलेल्या मालात दोष सापडे तो बहुधा विणाई सैल असल्याचा, कापडाचे वजन अपुरे असल्याचा किंवा इलॅस्टेन, म्हणजे कापडाला ताण देणारा लवचीक धागा, हलक्या प्रतीचे असल्याचा. धागा रिसायकल्ड आहे म्हणून माल परत आला, असे क्वचितच घडले. पाण्याच्या पेट (हेही एक पॉलिएस्टरच) बाटल्या रंगांनुसार वेगळ्या करून, धुऊन, त्यांचे बारीक तुकडे केले जातात; ते सुमारे २६० अंश सेल्सिअसला वितळवून दाणे पाडतात आणि दाण्यांपासून अखंड धागा ओढतात. वितळताना रेणूंच्या साखळ्या थोड्या आखूड होतात, हे खरे आहे. परंतु बाटलीसाठी वापरलेले पॉलिएस्टर मुळातच कापडाच्या पॉलिएस्टरपेक्षा लांब साखळ्यांचे असते, त्यामुळे पहिल्या फेरीनंतरही धाग्याला पुरेशी ताकद उरते. बिघाड होतो तो कचरा नीट निवडला नसेल तर. पीव्हीसीचे थोडेसे अवशेष जरी आत राहिले तरी धागा कमकुवत होतो आणि त्यावर पिवळट झाक येते. म्हणूनच रिसायकल्ड कापडात शुभ्र पांढरा किंवा झगझगीत फिकट रंग साधणे अवघड असते, गडद रंग सहज जमतात.

आता ट्रायल रूम. लेगिंगच्या मांडीच्या भागात आतून मूठ घाला, कापड ताणा आणि दिव्याखाली धरा. काळ्या कापडातून बोटांची पेरे गोरी दिसू लागली, तर खाली वाकल्यावर मागच्या बाजूला तेच दिसणार आहे. मग कापड आडवे चांगले ताणून एकदम सोडा. ते तत्काळ पूर्ववत झाले पाहिजे. कडेला बारीक लाटा राहिल्या तर काही महिन्यांतच गुडघ्यांवर फुगे येतील. कंबरपट्ट्याचीही हीच परीक्षा घ्यावी. त्यानंतर कपडा उलटा करा. शिवणी चपट्या, कापडाला बिलगलेल्या हव्यात. बोटाला टोचणारी उभी शिवण लांब अंतर धावताना त्वचा सोलते. दोन्ही पाय जिथे जुळतात तिथे पाचराच्या आकाराचा वेगळा तुकडा, म्हणजे गसेट, जोडलेला असावा. तो वाचवला म्हणजे कापड आणि मजुरी दोन्ही वाचतात, आणि स्वस्त मालात सर्वांत आधी कात्री लागते ती इथेच.

वजन लिहिलेले असेल तर लेगिंगसाठी २२० ते २८० जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधले वजन) आणि धावण्याच्या टी-शर्टसाठी १२० ते १६० जीएसएम साधारण ठीक. लेगिंगला दोन्ही बाजूंनी सारखी दिसणारी इंटरलॉक विणाई असेल तर उत्तम. दुकानात मखमलीसारखी मऊ लागणारी, ब्रश केलेली लेगिंग मात्र टाळावी, असे माझे स्पष्ट मत आहे. त्या मऊपणासाठी पृष्ठभागावरचे तंतू खरवडून मोकळे केलेले असतात. त्यावर गोळे लवकर येतात, धुताना तंतूही अधिक झडतात, आणि गोव्याच्या उकाड्यात ती ऊब हवी आहे कोणाला?

दाव्याविषयी एक गोष्ट आधी लक्षात घ्यावी. धागा हाताळून, जाळून किंवा प्रयोगशाळेत तपासूनही तो बाटलीपासून आला की खनिज तेलापासून, हे खात्रीने सांगता येत नाही. दोन्ही रासायनिकदृष्ट्या पॉलिएस्टरच. त्यामुळे सगळा विश्वास कागदपत्रांच्या साखळीवर असतो. ‘ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड’, म्हणजे जीआरएस, आणि ‘रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड’, म्हणजे आरसीएस, ही टेक्स्टाइल एक्स्चेंज या संस्थेची दोन मानके आहेत. जीआरएसचे चिन्ह ग्राहकापर्यंत जाणाऱ्या कपड्यावर लावायचे तर त्यात किमान ५० टक्के रिसायकल्ड घटक लागतो, शिवाय रसायने, सांडपाणी आणि कामगारांची परिस्थिती यांचीही तपासणी होते. आरसीएस फक्त रिसायकल्ड घटकाचे प्रमाण पाहते, आणि ते ५ टक्के असले तरी चालते. खऱ्या लेबलावर चिन्हासोबत प्रमाणन संस्थेचे नाव आणि परवाना क्रमांक असतो. ओएको-टेक्स स्टँडर्ड १०० हे तिसरे चिन्ह पुष्कळदा दिसते. कपड्यात घातक रसायने नाहीत, एवढेच ते सांगते, रिसायकलिंगशी त्याचा संबंध नाही.

टॅगवर ‘१०० टक्के रिसायकल्ड पॉलिएस्टर’ आणि आतल्या काळजी-पट्टीवर ‘पॉलिएस्टर ८० टक्के, इलॅस्टेन २० टक्के’ असे लिहिलेले दिसले तर लगेच फसवणूक समजू नये. कपड्यातले जे पॉलिएस्टर आहे ते सगळे रिसायकल्ड, असा त्याचा अर्थ असू शकतो. इलॅस्टेन जवळजवळ नेहमी नवेच असते. विश्वास ठेवावा तो पट्टीवर.

मिरामारची पहाट (पणजी)

वरील तांत्रिक माहितीत भर घालण्याइतका माझा अधिकार नाही, पण पावसाळ्याविषयी लिहू शकते. धावणे आणि पोहणे दोन्ही करत असल्यामुळे ओल्या कपड्यांशी माझे रोजचे नाते आहे.

पॉलिएस्टर स्वतःच्या वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा ओलावा शोषत नाही, नायलॉन सुमारे चार टक्के शोषते आणि सुती कापड आठ टक्क्यांच्या आसपास. त्यामुळे जुलै-ऑगस्टसाठी टी-शर्ट पॉलिएस्टरचाच घ्यावा. लेगिंगला मात्र मी नायलॉन पसंत करते, कारण ते घर्षण चांगले सोसते आणि अंगाला मऊ लागते. वाळायला थोडा अधिक वेळ घेते, तो मी देते.

वासाचे कारण वेगळे आहे. पॉलिएस्टर पाणी धरत नाही, पण अंगावरचे तेल धरून ठेवते, आणि त्या तेलावर जिवाणू पोसतात. कपडा रिसायकल्ड असो वा नवा, हा दोष दोघांतही आहे. धावून आल्यावर घामाचा कपडा बादलीत गोळा करून ठेवू नये. तो लगेच साध्या पाण्यातून काढावा, उलटा करून धुवावा, मशीनमध्ये चांगला पिळून घ्यावा आणि बाल्कनीत पावसाच्या झडीत टांगण्याऐवजी घरात पंख्याखाली पसरावा. सुवासिक फॅब्रिक कंडिशनर तर मुळीच वापरू नये. त्याचा थर धाग्यावर बसला की कापडाची घाम बाहेर ओढण्याची क्षमता जाते आणि वास उलट अधिक अडकतो. ‘अँटी-ओडर’ म्हणून जादा पैसे घेणाऱ्या कपड्यांवरचा लेप अनेकदा धुण्यागणिक कमी होत जातो, म्हणून त्यासाठी मी वेगळे पैसे मोजत नाही.

समुद्रात किंवा जलतरण तलावात उतरत असाल तर तेच कपडे धावायला वापरू नयेत. जलतरण तलावातले क्लोरीन इलॅस्टेनला खाते, आणि कडक उन्हाने व इस्त्रीनेही त्याची लवचीकता मरते.

साखळीकर

चर्चा उपयुक्त आहे, पण एक मूलभूत शंका मांडतो. बाटलीपासून पुन्हा बाटली करता येते, आणि खाद्यपदार्थांच्या बाटल्यांत रिसायकल्ड पेट वापरण्यास आता भारतातही परवानगी आहे. त्याच बाटलीची इलॅस्टेन मिसळलेली लेगिंग केली की पुढचा मार्ग बहुतेक बंद होतो, कारण मिश्र कापडातून दोन्ही धागे वेगळे करणे आजही अवघड आणि खर्चिक आहे. म्हणजे फिरणारे चक्र तोडून आपण बाटलीला एका शेवटच्या थांब्यावर उतरवतो आणि त्यालाच पर्यावरणरक्षण म्हणतो. दुसरे म्हणजे, पॉलिएस्टरचे सूक्ष्म तंतू धुण्याच्या पाण्यातून नदीत जातात ते जातातच, धागा रिसायकल्ड असला म्हणून थांबत नाहीत. इंग्लंडमधील प्लिमथ विद्यापीठाच्या २०१६ मधील अभ्यासात सहा किलो ॲक्रिलिक कपड्यांच्या एका धुलाईतून सात लाखांहून अधिक तंतू सुटू शकतात असे आढळले, आणि पॉलिएस्टरचा आकडाही काही लाखांत होता.

‘सागरी प्लॅस्टिक’ या शब्दाविषयीही सावध राहावे. पुष्कळदा त्यामागे ‘ओशन-बाउंड’, म्हणजे समुद्राकडे जाण्याची शक्यता असलेले प्लॅस्टिक असते, आणि त्याच्या प्रचलित व्याख्येत किनाऱ्यापासून ५० किलोमीटरच्या आत उघड्यावर पडलेला कचरा येतो. या हिशेबाने आमच्या साखळीच्या बाजारात फेकलेली बाटलीही ‘सागरी’ ठरेल. जवळजवळ अख्खा गोवाच त्या पट्ट्यात बसतो. मासेमारीच्या जाळ्यांचेही तसेच. नायलॉन ६ ची टाकून दिलेली जाळी रासायनिक प्रक्रियेने मूळ घटकापर्यंत नेऊन पुन्हा नव्यासारखे नायलॉन करता येते, आणि इटलीतील ॲक्वाफिल कंपनीचे इकोनिल हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. पण मालिम किंवा कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरची जी जाळी पडलेली दिसतात, ती बहुतांशी एचडीपीई या वेगळ्या प्लॅस्टिकची असतात. त्यांच्यापासून लेगिंग होत नाही.

माझ्या मते योगवर्गाला सुती कपडेच घालावेत आणि आहेत त्या लेगिंग्जचा कंबरपट्टा शिंप्याकडून बदलून घ्यावा. फोंड्यात तीसेक-चाळीस रुपयांचे इलॅस्टिक आणि थोडी मजुरी, एवढ्यात काम होईल.

निटिंगवाला (म्हापसा)

साखळीकरांचा बाटलीविषयीचा मुद्दा मला मान्य आहे, आणि कंबरपट्टा बदलण्याची सूचना तर या धाग्यातली सर्वांत चांगली सूचना आहे. मात्र तो पट्टा कापडाला जोडून विणलेला असेल तर शिंप्याला तो बदलता येत नाही; आत स्वतंत्र इलॅस्टिक असेल तरच हे जमेल, तेवढे चाचपून पाहावे. योगासाठी सुती कपडेही मान्य. पण दमट हवेत धावण्यासाठी सुती कापड सुचवणे मला पटत नाही. भिजलेला सुती टी-शर्ट अंगाला चिकटतो आणि लांब पल्ल्यावर काखेत व मांडीत कातडी घासून काढतो.

सूक्ष्म तंतूंबाबत आपल्या हातात थोडे आहे. मशीन पूर्ण भरून, थंड पाण्यात, कमी वेळाच्या फेरीत धुतल्यास तंतू कमी झडतात. तंतू अडवणाऱ्या बारीक जाळीच्या पिशव्याही मिळतात. आणि अर्थातच, दर धावण्यामागे टी-शर्ट धुवावा लागतो, लेगिंगही बहुधा लागते, पण घाम न आलेल्या योगवर्गाचे कपडे रोज मशीनमध्ये घालण्याची गरज नसते.

ग्राहक-सजग (मडगाव)

कायद्याची बाजू थोडक्यात. नुसते हिरवे पान किंवा ‘इको-फ्रेंडली’ एवढेच लिहून भागत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२४ मध्ये पर्यावरणविषयक दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबाबत मार्गदर्शक तत्त्वे लागू केली असून, असा दावा करणाऱ्याने तो कशाच्या आधारावर केला हे स्पष्ट करणे आणि पुरावा उपलब्ध ठेवणे अपेक्षित आहे. हा तपशील क्यूआर कोडने दिला तरी चालतो. विक्रेत्याला लेखी विचारावे, बिल जपून ठेवावे, आणि उत्तर टाळले गेले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. एका ऑनलाइन विक्रेत्याने मला ‘रिसायकल्ड’ म्हणून पाठवलेल्या टी-शर्टच्या पट्टीवर तो शब्दच नव्हता. जाहिरातीच्या पानाचे छायाचित्र मी आधीच काढून ठेवले होते, त्यामुळे पैसे परत मिळायला अडचण आली नाही.

फर्मागुडीची चढण (फोंडा)

सर्वांचे मनापासून आभार. जुन्यांपैकी एका लेगिंगमध्ये स्वतंत्र इलॅस्टिक निघाले, ती शिंप्याकडे दिली आहे. दुसरीच्या जागी नवी घेण्यासाठी एका विक्रेत्याला ईमेल केला, तेव्हा त्याने जीआरएस प्रमाणपत्राची प्रत पाठवली. परंतु त्यावर नाव सूतगिरणीचे आहे, कपडा शिवणाऱ्याचे किंवा ब्रँडचे नाही. लेगिंगच्या टॅगवर जीआरएसचे चिन्हही नाही, फक्त ‘जीआरएस प्रमाणित धाग्यापासून’ असे लिहिले आहे. मुठीच्या परीक्षेला मात्र ती व्यवस्थित उतरली. याला काय समजावे?

निटिंगवाला (म्हापसा)

तयार कपड्यावर जीआरएसचे चिन्ह लावायचे तर सूतगिरणी, विणाई, रंगाई आणि शिलाई या सगळ्या टप्प्यांवर प्रमाणपत्र लागते. इथे साखळी सुतापाशीच थांबली आहे. सूत खरे असेल, पण तेच सूत आपल्या लेगिंगमध्ये गेले का, हे तो कागद सिद्ध करत नाही. निदान चिन्ह न लावण्याइतका प्रामाणिकपणा विक्रेत्याने दाखवला आहे. तशाच प्रतीच्या साध्या लेगिंगएवढी किंमत असेल तर जरूर घ्या. ‘रिसायकल्ड’ या शब्दासाठी हजारभर रुपये जास्त मागत असेल, तर त्या सुताच्या खरेदीचे व्यवहार-प्रमाणपत्र, म्हणजे प्रमाणित सूत कोणी कोणाला विकले हे दाखवणारा कागद, आधी मागा.