मिडीच ठेवू का ओएससीवर जाऊ? मींड तुटते आणि सा अडकतो, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सोलापूरवरून लिहितोय. आम्ही दोघं भाऊ, माझ्या लॅपटॉपवर प्युअर डेटा या आवाजाच्या सॉफ्टवेअरमध्ये स्वर आणि मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं), धाकट्याकडं सुपरकोलायडर या तसल्याच सॉफ्टवेअरमध्ये त्याचा आवाज, शिवाय तंबोरा आणि लेहरा (तबल्यासाठी फिरत राहणारी धून), आणि दोन्ही एकमेकांशी नीट बोलले पाहिजेत एवढंच पाहिजे.

सुरुवात मिडीनं केली, म्हणजे वाद्यं आणि कॉम्प्युटर यांनी एकमेकांना संदेश द्यायची ठरलेली पद्धत, कीबोर्ड मिडीचाच आहे आणि 1983 पासूनची गोष्ट, सगळीकडं चालते. पण मींड मी कंट्रोल चेंज या मिडीच्या संदेशानं पाठवत होतो, तिथं 0 ते 127 एवढेच आकडे, ते अख्ख्या सप्तकाला पुरवले की एक पायरी साडेनऊ सेंटची पडते (सेंट म्हणजे सप्तकाचा बाराशेवा भाग). दरबारीचा गंधार आंदोलित करायला गेलो तर हेडफोनमध्ये पायऱ्या चक्क मोजता येतात. पिच बेंड या स्वर ओढायच्या मिडी संदेशाला 14 बिट आहेत, म्हणजे पायऱ्या खूप बारीक, तिथं हा त्रास नाही, पण तो सबंध चॅनलला लागतो, म्हणजे गंधार ओढला की धरून ठेवलेला सा पण सरकतो.

मग ओएससी लावलं, म्हणजे ओपन साउंड कंट्रोल, नेटवर्कवरून असे संदेश पाठवायची दुसरी पद्धत. पत्ता आपणच ठरवायचा, स्लॅश स्वर स्लॅश ग असा, पुढं सरळ हर्ट्झमध्ये फ्लोट. मींड इतकी गुळगुळीत आली की आम्ही तासभर तेवढंच ऐकत बसलो, खरंच. पण परवा रात्री, शेजारचे माग बंद झाल्यावरच आमची प्रॅक्टिस सुरू होते, मी बोट उचललं तरी धाकट्याकडचा सा वाजतच राहिला. भावानं विंडोत बघितलं तर स्वर सुरूचा मेसेज आलेला, बंदचा आलेलाच नाही. वायफायवर युडीपी ही पाकिटं पाठवायची पद्धत होती, त्यात हरवलेलं पाकीट कोणी परत पाठवत नाही.

आता गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत मंडळाच्या कार्यक्रमात वाजवायचंय, आजूबाजूला शेकडो मोबाईल असणार, त्यामुळं वायफाय नकोच, लॅन केबल टाकतोय. तेवढ्यावर युडीपी चालेल का हरवलेलं पाकीट परत पाठवणारं टीसीपी घेऊ? टीसीपीत एक पाकीट राहिलं की मागची सगळी खोळंबतात, ती मींडीला मधेच थांबवतील अशी भीती वाटते. का युडीपीवरच राहून बंदचा मेसेज तीन-चारदा पाठवू?

आणि लेहऱ्याची लय. मिडी क्लॉक एका क्वार्टर नोटला 24 ठोके तयार देतो, ओएससीत असं ठरलेलं काही नाही, टाइमटॅग (मेसेजसोबत जाणारी वेळ) आहे पण आमच्या दोन लॅपटॉपची घड्याळंच जुळत नाहीत. स्वर ओएससीनं आणि लय मिडीनं, असं दोन्ही एकत्र कोणी स्टेजवर चालवलंय का? माझा कल तिकडंच आहे, पण समेवर चुकलं तर तबलजीला तोंड दाखवता येणार नाही, म्हणून आधी विचारतोय.