किशोरवयीन मुलांचे चॅट: आपापले अनुभव लिहावेत

लालबागच्या चाळीतील एका खोलीत आम्ही पाच जण राहतो. गेल्या वर्षी माझ्या दहावीतल्या मुलीला गणितात फार कमी गुण मिळाले, तेव्हा तिने ते मला तोंडाने सांगितले नाही. मी करी रोडच्या फलाटावर गाडीची वाट पाहत असताना तिचा व्हॉट्सॲपवर लांबलचक मजकूर आला, आणि गुणांबरोबरच वर्गात आपल्याशी कोणी बोलत नाही, हेही तिने त्यात लिहिले होते. आजी-आजोबांसमोर हे बोलायला तिला घरात कोपराच नव्हता. तेव्हापासून मी मोबाईलला सरसकट दोष देत नाही, परंतु मध्यरात्री तिच्या पांघरुणाखाली दिसणारा उजेड मला आजही अस्वस्थ करतो. आपल्या घरात, वर्गात काय घडले ते पालकांनी, शिक्षकांनी आणि विशेषतः मुलांनी लिहावे. उपदेश नको, प्रसंग सांगावेत.

परळ, शिक्षिका

ताई, मार्च 2020 मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा वर्गाचा ग्रुप हाच आमचा फळा होता, त्यामुळे त्याचे उपकार मी विसरणार नाही. नुकसान मला उशिरा दिसले. नववीच्या मुलींनी आणखी एक ग्रुप काढला आणि त्यात एकाच मुलीला घेतले नाही. तिला कोणी वाईट शब्द बोलले नव्हते. ती आली की मधल्या सुट्टीतल्या गप्पा थांबत, एवढेच. शिवी दिली असती तर ती दाखवता आली असती, परंतु वगळण्याचा पुरावा कुठून आणणार? ती डबा न उघडताच घरी नेते, हे तिच्या आईने सांगेपर्यंत मला कळले नाही, याची खंत आहे. त्या ग्रुपमधील एका मुलीला हा प्रकार मुळीच पटत नव्हता, परंतु बाहेर पडले तर सर्वांना कळेल, अशी तिला भीती होती. 2022 पासून बाहेर पडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते हे खरे. पण ॲडमिन शेजारच्याच बाकावर बसत असेल, तर त्या सोयीने काय साधणार?

मुलुंड, वडील

माझा मुलगा जन्मापासून कर्णबधिर आहे. 29 ऑगस्ट 2017 च्या पावसात लोकल बंद पडल्या, तेव्हा तो 15 वर्षांचा होता आणि दादरला अडकला होता. 26 जुलै 2005 च्या रात्री माझी बहीण कुठे आहे हे आम्हाला पहाटेपर्यंत माहीत नव्हते. मुलगा मात्र कोणत्या जिन्यात बसला आहे, चहा कोणी दिला, बॅटरी किती उरली, हे सारे लिहून कळवत होता. फोनवर बोलणे त्याला शक्यच नव्हते. आमच्या घरात चॅट ही करमणूक कधीच नव्हती.

गोरेगाव, वय 17, विद्यार्थिनी

मैत्रिणीने वाचूनही उत्तर दिले नाही, तर ती कामात असेल हे मला कळते, तरीही अभ्यासात लक्ष लागत नाही. म्हणून मी संदेश वाचल्याच्या निळ्या खुणा बंद केल्या, परंतु ग्रुपमध्ये त्या दिसतातच. काकू, एक विनंती आहे. रात्री फोन काढून घेणार असाल, तर मुलीला आधी मैत्रिणींना तसे कळवू द्या. माझ्या आईने न सांगता फोन बंद करून ठेवला, त्याच रात्री माझी मैत्रीण घरातील भांडणामुळे रडत मला लिहीत होती. मी मुद्दाम दुर्लक्ष केले असे तिला वाटले आणि पुढे कितीतरी दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

बोरिवली, आई

पाठवलेला फोटो समोरच्याला 'एकदाच दिसेल' या चॅटमधल्या सोयीच्या भरवशावर माझ्या मुलाने एका अनोळखी व्यक्तीला स्वतःचा फोटो पाठवला. तिने दुसऱ्या फोनने तो टिपून धमकावले. त्याने घाबरून सारे पुसण्याआधी आम्हाला सांगितले, म्हणून पोलिसांना दाखवायला ते संभाषण तरी उरले.

लालबाग, पुन्हा मी

गोरेगावच्या मुलीचे लिहिणे मी लेकीला वाचायला दिले. काल तिने आपणहून ग्रुपवर लिहिले की साडेदहानंतर ती उत्तर देणार नाही. दोन मैत्रिणींसाठी मात्र फोन चालू राहील, असे तिने मला सांगितले आणि त्या दोघी कोण, हे मी विचारले नाही.