ईएसपी३२ (वायफाय असलेला छोटा कंट्रोलर बोर्ड) वर उणे तापमान चुकीचे दिसते, सल्ला हवा (मर्यादा ३०० रुपये)

बंदरकाठ: आमच्या मासळीच्या फ्रीजरमध्ये डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर बसवला असून त्याचे बाइट मी स्वतःच वाचतो. खोलीत ९१ ०१ हे हेक्स (सोळाच्या पायाचे) आकडे येतात आणि २५.०६२५ अंश हे उत्तर बरोबर निघते. फ्रीजरमध्ये मात्र ई० एफई आले की पडद्यावर ४०७८ अंश उमटतात. हाच प्रोग्राम जुन्या ऊनो या आर्डुइनो बोर्डवर बिनचूक चालत होता. ३०० रुपयांच्या आत काय करता येईल?

शीतगृहवाला: हा सेन्सर काढा आणि पीटी१०० हा प्लॅटिनमचा सेन्सर घ्या, सोबत तो वाचणारे मॅक्स३१८६५ चे मॉड्यूल लावा. डीएस१८बी२० ची अर्ध्या अंशाची हमी उणे १० ते ८५ अंशांपुरतीच आहे. खर्च ३०० च्या वर जाईल, पण माझ्याकडे दोन वर्षे तक्रार नाही.

तांब्याची_तार: सेन्सर निर्दोष आहे. धाकटा बाइट आधी येतो, म्हणून संख्या एफईई० होते. ऊनोवर इंट (पूर्णांक ठेवण्याचा प्रकार) १६ बिटांचा असल्याने ती उणे २८८ धरली जाते आणि १६ ने भागल्यावर उणे १८ मिळतात. ईएसपी३२ वर इंट ३२ बिटांचा असल्याने तीच संख्या ६५२४८ राहते. चल (व्हेरिएबल) इंट१६_टी, म्हणजे कुठेही १६ बिटांच्याच पूर्णांकाच्या, प्रकाराचा घोषित करा आणि १६ ऐवजी १६.० ने भागा, अन्यथा अपूर्णांक गळतो.

रात्रपाळी: मला ८५ अंशांनी छळले. अलार्म वाजला म्हणून रात्री दोनदा उठलो, तेव्हा फ्रीजर गारच होता. वीज आल्यावर सेन्सरमध्ये ८५ हाच आकडा असतो. १२ बिटांच्या मापनाला ७५० मिलिसेकंद लागतात आणि मी त्याआधीच वाचत होतो. डेटाच्या तारेवरचा ४.७ किलोओहमचा रोधही (रेझिस्टर) तपासा.

शीतगृहवाला: अचूकतेचे उत्तर कोणीच दिलेले नाही.

तयार_लायब्ररी: मीही तेच सांगतो, इंट १६ बिटांचा हवा. पण हाताने बाइट जोडताच कशाला? डॅलस लायब्ररी (या सेन्सरसाठीचा तयार कोड) वापरा. तार तुटली तर ती उणे १२७ दाखवते. माझ्या सहाही फ्रीजरवर तीच आहे.

बंदरकाठ: सर्वांचे आभार. इंट१६_टी लिहिताच उणे १८ आले. तरीही फ्रीजरवर मी ऊनोच परत बसवत आहे, कारण वडील ज्या मोठ्या अंकांच्या पडद्यावर तापमान वाचतात तो त्यालाच डाग देऊन जोडलेला आहे आणि वायफायची आम्हाला गरज नाही. प्रोग्राममध्ये मात्र आता तिथेही इंट१६_टी लिहिले आहे.