मदत हवी आहे: इटलीला बंदुकीचा फक्त दस्ता नेण्याबाबत

नागपूरच्या क्लबच्या कामासाठी सप्टेंबरमध्ये इटलीत ब्रेशियाजवळ बोत्तिचिनोला, पेरात्झी या बंदुका बनवणाऱ्या कंपनीच्या कारखान्यात जायचंय. एका ट्रॅप (हवेत उडणाऱ्या चकत्यांवर नेम धरायचा प्रकार) नेमबाजाच्या १२ बोअर बंदुकीचा नवा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, करून घ्यायचाय, नेमबाज स्वतः येणार नाही.

मापं काढली आहेत: ट्रिगरपासून खांद्याकडच्या रबरी पॅडच्या मध्यापर्यंत ३७५ मिमी, उतार (नळीच्या रेषेपासून दस्ता किती खाली) गालाशी ३५ नि दस्त्याच्या टाचेशी ५० मिमी, उजवीकडे कल ४ मिमी. पॅडचा तिरपेपणाही घेतलाय. पण मुठीची जाडी आणि तळव्याखालचा फुगवटा आकड्यांत पकडता येत नाही, आणि तिथेच चूक झाली तर बोट ट्रिगरवर नीट बसत नाही. प्लास्टरचा साचा करून पाहिला, मुठीच्या वळणावर चिरतो. म्हणून जुना दस्ताच न्यावा म्हणतो.

अडचण अशी की शस्त्र कायदा १९५९ च्या व्याख्येत शस्त्राचे भागही येतात आणि कलम १० प्रमाणे आयात-निर्यातीला परवाना लागतो. नळी, ॲक्शन (बार उडवणारी मधली यंत्रणा), ट्रिगर, काडतूस यातलं काहीही सोबत नाही. नागपूर-मुंबई-मिलान प्रवास, दस्ता चेक-इन सामानात. बंदूक नेमबाजाच्या परवान्यावर आहे, माझ्या नाही. थ्रीडी स्कॅन सुचवू नका, कारागिराला लाकूड हातात हवंय.

नुसत्या लाकडी दस्त्याला मुंबई कस्टम्स शस्त्राचा भाग धरतं का, आणि तोच परत आणताना अडू नये म्हणून जाताना कोणता कागद करून घ्यावा?