‘रिकॉम्बिनंट ह्यूमन एनजीएफ’ : कुपीवर मराठीत काय लिहावे?

प्रश्न (जळगाव) : पदव्युत्तर वर्गाच्या प्रयोगपुस्तिकेचे मराठीकरण सुरू आहे. ‘रिकॉम्बिनंट ह्यूमन एनजीएफ’ (नर्व्ह ग्रोथ फॅक्टर, म्हणजे चेतापेशींना जगवणारे प्रथिन) यासाठी ‘मानवी मज्जातंतू-वाढ प्रथिन’ असे लिहिले, तर विद्यार्थी ते माणसाच्या रक्तातून काढलेले समजतात. पर्याय सुचवावा.

उत्तर (धुळे) : घोळ ‘मानवी’ या विशेषणामुळे होतो. औषधाच्या दुकानातील ‘मानवी इन्सुलिन’ जसे माणसाच्या स्वादुपिंडातून काढलेले नसते, तसेच हे प्रथिन. मानवी जनुक ई. कोलाय जिवाणूत किंवा चिनी हॅमस्टरच्या अंडाशयापासून वाढवलेल्या पेशींत बसवतात आणि मग त्या पेशी मानवी क्रमाने अमिनो आम्ले जोडून साखळी तयार करतात. म्हणजे ‘मानवी’ हे उगमाचे नव्हे, रचनेचे विशेषण आहे, आणि ‘पुनःसंयोजित’ (रिकॉम्बिनंट) हेही खरे तर प्रथिनाला नव्हे, त्यामागच्या डीएनएला लागू होते. तरीही ‘मानवी’ गाळू नये. रीटा लेव्ही-मोंताल्चिनी आणि स्टॅन्ली कोहेन यांनी १९५०च्या दशकात सेंट लुईस येथे या घटकावर जे काम केले आणि ज्यासाठी त्यांना १९८६चे नोबेल मिळाले, त्यात सर्पविष आणि नर उंदराच्या लाळग्रंथी हेच त्याचे मुबलक स्रोत ठरले होते, आणि उंदराचे एनजीएफ आजही विकले जाते, म्हणून कुपीतले कोणाच्या रचनेचे हे सांगावेच लागते.

पृच्छा (यावल) : आमच्याकडे केळीच्या टिश्यू कल्चरमुळे ‘संजीवक’ हा शब्द शेतकऱ्यालाही ठाऊक आहे. ‘चेतासंजीवक’ का नको?

उत्तर (धुळे) : शब्द कानाला गोड आहे, पण अर्थ भलतीकडे नेतो. केळीच्या माध्यमात घातलेले बेंझिल अ‍ॅडेनीन हे संजीवक म्हणजे लहानसा रेणू असून तो पेशीविभाजन वाढवून फुटवे आणतो. एनजीएफ हे प्रथिन असून परिपक्व चेतापेशी विभाजित होतच नाहीत. ते विशिष्ट चेतापेशींच्या पृष्ठभागावरील ग्राहीला (रिसेप्टरला) जोडले जाऊन त्यांना जिवंत ठेवते आणि त्यांचे तंतू फुटवते. उंदराच्या अधिवृक्क ग्रंथीच्या गाठीपासून मिळवलेल्या पीसी-१२ पेशींना मिलिलिटरमागे ५० ते १०० नॅनोग्रॅम दिले, की त्या काही दिवसांत विभाजन थांबवून लांब तंतू काढतात. म्हणून ‘वाढ’ या शब्दावरही माझा आक्षेप आहे. ‘नस’ तर नकोच, कारण आपल्याकडे रक्तवाहिनीलाही नसच म्हणतात.

‘चेतापोषी’ (न्यूरोट्रोफिन) मला सर्वांत जवळचा वाटतो, मात्र ते कुळाचे नाव आहे. बीडीएनएफ आणि एनटी-३ ही एनजीएफच्या कुळातील दुसरी प्रथिनेदेखील चेतापोषीच. तेव्हा कुपीवर ‘पुनःसंयोजित मानवी चेतापोषी प्रथिन, बीटा-एनजीएफ’ असे पूर्ण लिहावे आणि त्याखाली ‘केवळ संशोधनासाठी’ ही ओळ ठेवावी.